पारा उडालेला नवा आरसा

आजोळच्या आरशावर काळे डाग पडले होते. "पारा उडालाय त्याचा," आजी म्हणायची. भाषा किती चिवट असते पाहा. गेल्या शंभरेक वर्षांत बनलेल्या आरशांत सहसा पारा नसतोच, काचेमागे चांदी असते. बोलण्यातून मात्र पारा काही उडत नाही.

एकेकाळी तो खरोखरच असायचा. व्हर्सायच्या आरसेमहालातले 357 आरसेही त्याच जातीचे. सपाट दगडावर कथिलाचा वर्ख अंथरायचा, त्यावर पारा ओतायचा, वरून काच सरकवायची आणि वजनं ठेवून जास्तीचा पारा निथळू द्यायचा. कथील म्हणजे आपल्या कल्हईतलंच. काम देखणं, पण कारागिरांच्या मुळावर येणारं. जर्मनीतल्या फ्युर्थकडच्या आरसेवाल्यांचे हात पाऱ्याच्या वाफेने थरथरायचे. त्यांचं हे दुखणं अभ्यासून आडोल्फ कुसमाउल या डॉक्टरने 1861 मध्ये ग्रंथच लिहिला. तोवर युस्टुस फॉन लीबिगने 1835 मध्ये काचेवर चांदी चढवण्याची रासायनिक क्रिया शोधली होती. तिने पुढे पाऱ्याला हटवलं.

आता कॅफेवाल्यांना आणि इंटिरिअरवाल्यांना डागाळलेलेच आरसे हवेत. मीही एक करून पाहिला. नव्या आरशाच्या पाठीवर चांदी, तिच्यावर बहुधा तांब्याचा थर आणि वर रंग असतो. अंगणात बसून, हातमोजे घालून पेंट रिमूव्हर लावला. थोड्या वेळात रंग सुरकुतून पापडासारखा उचलला गेला. प्लास्टिकच्या पट्टीने तो अलगद काढला; लोखंडी पत्री वापरली तर चांदीवर रेघोट्या उठतात. मग ब्लीच फवारलं. चांदी धुरकटली, ठिपके पसरू लागले, तसा आरसा पाण्याने धुतला आणि सुकल्यावर पाठीला काळा रंग दिला.

उलटून पाहिलं, तर आरशाला कांजिण्या आलेल्या! मी सगळीकडे सारखंच फवारलं होतं. खरं म्हातारपण असं येत नाही. दमट हवा चौकटीच्या फटीतून शिरते, म्हणून डाग कडेने, त्यातही खालून चढतात. मधला भाग बराच काळ शाबूत राहतो. दुसऱ्या खेपेला ब्लीच चिंधीने फक्त कडांना टिपलं. तो आरसा जमला. बाजारात 'अँटिक' म्हणून दाखवला जाणारा आरसाही आधी कडेलाच तपासावा. मधोमध नक्षीसारखे ठिपके दिसले, तर भाव निम्मा सांगा.

ब्लीच मंद वाटलं म्हणून त्यात बाथरूमचं अ‍ॅसिड मात्र कधीही ओतू नका. क्लोरीन वायू सुटतो आणि तो फुफ्फुसं जाळतो.

आणि घरात पणजोबांच्या काळचा आरसा असेल, चौकटीच्या तळाशी चकचकीत थेंब दिसत असतील, तर त्याची पाठ खरवडू नका. त्यातला पारा खरा आहे.