चिंता, चिंत्य आणि विम्याचा हप्ता

मृग नक्षत्र लागले की यवतमाळ जिल्ह्यातील चिकित्सालयांत अनिद्रा, हृद्द्रव आणि अरुचीचे रुग्ण वाढतात, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. मागील एका जून महिन्यात असेच एक पन्नाशीचे कास्तकार आले. हृदयालेख निर्दोष होता. नाडीपरीक्षण आटोपल्यावर त्यांनी पिशवीतून आरोग्य विम्याची पॉलिसी काढली. बियाणे-खताच्या खर्चाच्या तोंडावर वार्षिक हप्ता आला होता. भरला तर पेरणी अडते, न भरला तर इतक्या वर्षांचे संरक्षण जाते. ‘‘डॉक्टरसाहेब, याच्यावर काही औषध आहे का?’’ त्यांनी हसत विचारले, पण ते हसू टिकले नाही.

अतिचिंतनाने रसवह स्रोतस दूषित होते असे चरकसंहिता सांगते, आणि मनाच्या विषयांत ‘चिंत्य’ प्रथम मोजते. ब्राह्मी, जटामांसी, शिरोधारा आपल्याला तत्काळ सुचतात. सत्त्वावजय मात्र परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतच राहून जातो. चिंत्य विषय जर छापील कागद असेल, तर तो कागद रुग्णासमवेत वाचणे हीदेखील चिकित्साच होय.

आम्ही तो वाचला. वार्षिक हप्त्यास ३० दिवसांची सवलत होती. तेवढ्यात भरल्यास प्रतीक्षाकाळाचे लाभ टिकतात. मात्र मधल्या दिवसांत उद्भवलेल्या आजारास संरक्षण नसते. ही एक ओळ कळताच त्यांचे खांदे सैल झाले.

दुसरी गोष्ट तितकी सुखद नव्हती. ज्या तक्रारीसाठी ते आले होते, तिचा बाह्यरुग्ण खर्च पॉलिसीत नव्हता. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमा देणे बंधनकारक आहे. १ एप्रिल २०२४ पासून आयुष उपचारांनाही इतर उपचारांच्या बरोबरीने स्थान देण्याचे विमा नियामकाचे निर्देश आहेत. तरीही दावा सामान्यतः आंतररुग्णालाच मिळतो. त्यासाठी स्वतंत्र आयुष रुग्णालयात किमान ५ खाटा, चोवीस तास पात्र वैद्य आणि दैनंदिन नोंदी लागतात, आणि केवळ विश्रांतीसाठीचा निवास वगळलेला असतो. शिरोधारेसाठी ‘कागदावर भरती दाखवा’ असा आग्रह आपल्यापैकी अनेकांना झाला असेल. तो मानू नये. दावा फेटाळला गेला की पॉलिसी रुग्णाची जाते आणि नाव शास्त्राचे जाते.

औषधालयचालकांचाही येथे संबंध येतो. भरतीच्या आधीच्या व नंतरच्या औषधांचा खर्च बहुतेक पॉलिसींत ठरावीक दिवसांपर्यंत मिळतो. पण बिलावर रुग्णाचे नाव व दिनांक हवा, सोबत चिकित्सापत्र हवे. ‘टेन्शनसाठी’ म्हणून अश्वगंधा मागणाऱ्यास थायरॉइडची, यकृताची वा झोपेची औषधे चालू आहेत काय, हे विचारल्याविना डबी देऊ नये. मनोविकारतज्ज्ञांची चालू औषधे तर आपल्या सांगण्यावरून कधीच बंद होता कामा नयेत.

हप्ता खरोखरच झेपत नसेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती आपणच द्यावी. २०२४ पासून तिचे संरक्षण प्रति कुटुंब वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे. ते नेमून दिलेल्या उपचारांपुरते व संलग्न रुग्णालयांपुरतेच आहे, हेही सांगावे. अन्यथा एक चिंता जाऊन दुसरी येते. दावा नाकारल्याची तक्रार प्रथम कंपनीकडे करावी. ३० दिवसांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

एक प्रश्न मात्र आपल्या जिल्ह्यात टाळता येत नाही. शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी राज्य शासनाला २०१५ मध्ये १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू करावा लागला. समोरच्याच्या बोलण्यात निराशा जाणवली, तर ‘जीव द्यावासा वाटतो काय’ आणि ‘फवारणीचे औषध घरात कोठे ठेवता’ हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. होकार आल्यास नातेवाइकांना बोलवावे, रुग्णास एकटे सोडू नये व त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक दर्शनी भागात लावावा.

त्या कास्तकारांना मी तोच प्रश्न विचारला. ते क्षणभर थांबले, मग म्हणाले, ‘‘नाही, पण विचारलं ते बरं केलं.’’ पेरणी उरकून त्यांनी सवलतीच्या मुदतीत हप्ता भरला. पादाभ्यंग आणि रात्रीचे ब्राह्मीघृत त्यानंतरही काही आठवडे चालू ठेवावे लागले.