घोडदळ गेलं, शर्यत उरली

भिंगारला मित्र आला, की त्याला रणगाडा संग्रहालय दाखवायचं हे ठरलेलंच. १९९४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयाच्या नावात ‘कॅव्हलरी’, म्हणजे घोडदळ आहे. समोर मात्र नुसते रणगाडे!

शर्यतीच्या घोड्याची गोष्ट इथूनच सुरू करू. लष्कराला दमदार घोडे हवेत, शर्यती लावल्या की चांगली पैदास निवडता येते, असं पूर्वी सांगितलं जायचं. पुण्याचं रेसकोर्स १८३०चं, तेही लष्कराच्याच जागेवर. पुढे रेजिमेंटनी घोडे सोडून रणगाडे घेतले. शर्यती चालूच राहिल्या.

थरोब्रेडचं रक्त जपण्याचा हट्टही तसाच. जगातला कुठलाही थरोब्रेड घ्या, बापाकडून मागे जात गेलात की सुमारे तीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात आणलेल्या तीन घोड्यांपैकी एकापाशी पोचता. आपल्याकडे गाईला सर्रास होणारं कृत्रिम रेतन इथे चालत नाही; तसं जन्मलेलं शिंगरू थरोब्रेड म्हणून नोंदलंच जात नाही. याच पैदाशीतला ‘स्क्वाँडरर’ १९७७ची इंडियन डर्बी जिंकला. १९ शर्यतींत धावून १८ मारल्या!

बदललंय ते भोवतालचं. पैजेवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५मध्ये २८वरून ४० टक्के झाला. महालक्ष्मीची १२० एकर जागा उद्यानासाठी महापालिकेकडे गेली. मुंबईला बाग हवीच, त्याबद्दल वाद नाही.

आपल्या भिंगारच्या रणगाड्यांना निवृत्तीनंतर संग्रहालय तरी मिळालं. पाच-सहा वर्षांचा होऊन शर्यतीतून बाद झालेला घोडा कुठे जातो, हे मात्र रेसबुकात छापत नाहीत.