दाढीच्या फेसातला चुनखडक

टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत आणि वॉशिंग्टन राज्यातल्या सिअ‍ॅटलमध्ये तोच साबण, तोच ब्रश आणि तोच हात घेऊन दाढीला बसलं, तरी फेस वेगळा येतो. सिअ‍ॅटलमध्ये ब्रश थोडा फिरला की वाटी पांढऱ्याशुभ्र फेसानं भरते. सॅन अँटोनियोत तोच साबण विरविरीत बुडबुडे देतो आणि गालाला लावेपर्यंत तेही बसतात. फरक पाण्यात आहे, आणि पाण्यातला फरक खडकातून आलेला आहे. सिअ‍ॅटलचं पाणी सीडर आणि टोल्ट या डोंगरी नद्यांचं, पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं. खडक विरघळवायला त्याला फारशी सवडच मिळत नाही. सॅन अँटोनियोचं बरंचसं पाणी एडवर्ड्स भूजलसाठ्यातलं, चुनखडकाच्या भेगा-कपारींतून मुरत आलेलं. तो चुनखडक साधारण १० कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी साचला. त्या समुद्रातलं कॅल्शियम आज कुणाच्या तरी दाढीच्या वाटीत उतरतं!

आपल्याकडेही बोअरच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबण फेसाळत नाही, हे घराघरात माहीत असतं. साबणाच्या रेणूचं डोकं पाण्याला धरून राहतं आणि लांब शेपूट पाण्यापासून पळतं. त्यामुळे हे रेणू पृष्ठभागावर गर्दी करतात, पाण्याचा पृष्ठताण निम्म्याहून खाली येतो आणि पाण्याचा पातळ पापुद्रा हवेभोवती टिकू शकतो. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल मुद्दाम भरपूर घालतात. खोबरेल तेलातली आखूड शेपटांची आम्लं झटकन बुडबुडे देतात; स्टिअरिक वेळ घेतं, पण त्याचा फेस टिकतो. नुसत्या सोडियमचा स्टिअरिक साबण सहज विरघळत नाही, म्हणून जोडीला पोटॅशियम.

अशा फेस न देणाऱ्या, म्हणजे दुष्फेन पाण्यात कॅल्शियमचा एकेक आयन स्टिअरिकच्या दोन-दोन शेपटांना बांधून टाकतो. तयार होतं कॅल्शियम स्टिअरेट, जे पाण्यात विरघळत नाही. बादलीच्या कडेला बसणारा पांढरट थर बराचसा असल्याच साबणाचा. आता हिशेब करून पाहा. लिटरला २०० मिलिग्रॅम क्षार असलेलं पाणी अमेरिकेच्या भूगर्भीय सर्वेक्षण खात्याच्या वर्गवारीत ‘अतिशय दुष्फेन’ ठरतं. अशा १५ मिलिलिटर पाण्यातले क्षार जेमतेम १८ मिलिग्रॅम साबण खातात. ब्रशवर तर ग्रॅमभर साबण सहज येतो! म्हणजे नुकसान साबण कमी पडल्यानं तेवढं होत नाही. न विरघळलेले ते बारीक कण पापुद्र्यात शिरून त्याला फोडतात, ते जास्त भोवतं.

पण याच त्रासदायक पदार्थानं न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावी एक विलक्षण काम करून दाखवलं. जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत आयर्व्हिंग लँगम्युअर आणि कॅथरिन ब्लॉजेट पाण्यावर स्टिअरिक आम्लाचा एका रेणूच्या जाडीचा थर पसरत. पाण्यात कॅल्शियमचे किंवा बेरियमचे क्षार असत. म्हणजे हेतुपुरस्सर दुष्फेन केलेलं पाणीच. त्यात काच बुडवली, वर काढली, की थरावर थर चढे. १९३८ साली ब्लॉजेटबाईंनी बेरियम स्टिअरेटचे असे ४४ थर काचेवर दिले आणि काचेची चकाकी जवळपास नाहीशी केली. साधी काच सुमारे ८ टक्के प्रकाश परतवते. या काचेतून ९९ टक्क्यांहून अधिक प्रकाश आरपार गेला. न्हाणीघरात आपण घासून काढतो त्या थराच्या सख्ख्या भावंडानं!

आता प्रत्यक्ष फेस. ब्रश कोमट पाण्यात भिजवावा, झटकावा, पण कोरडा करू नये. साबणाच्या वडीवर अर्धा मिनिट तरी फिरवावा, केसांना दाट, चिकट लगदा लागेपर्यंत. इथेच बहुतेकांची घाई होते. मग वाटीत फिरवताना पाणी थेंबाथेंबानं द्यायचं. आधी मेणचट, निस्तेज गोळा दिसतो. मग मोठे बुडबुडे येतात, ब्रशचे केस ते चिरत जातात, आणि एका क्षणी सगळ्यावर सायीसारखी तकाकी चढते. ब्रश उचलल्यावर टोक उभं राहून किंचित वाकलं की पाणी बरोबर पडलं. नुसतंच ताठ राहिलं तर आणखी थोडे थेंब हवेत.

उभं राहणारं हे टोक मला सगळ्यात नवलाचं वाटतं. पाणी वाहतं, हवा वाहते, साबणाचं पाणीही वाहतं. पण बुडबुडे दाटीनं बसले, हवेचा वाटा सुमारे ६४ टक्क्यांच्या वर गेला, की ते एकमेकांत अडकतात आणि मिश्रण घन पदार्थासारखं आकार धरतं. पात्याचा जोर येताच ते पुन्हा सरकतं. १९९१ साली डग्लस ड्युरियन, डेव्हिड वाइट्झ आणि डेव्हिड पाइन यांनी बाजारातल्या जिलेट फोमीच्या फेसातून लेझरचा प्रकाश सोडला. नुसता पडून असलेला तो फेस आतून शांत नव्हता. लहान बुडबुड्यांत दाब जास्त, म्हणून त्यांतला वायू मोठ्यांत झिरपतो. ताण साठतो आणि मध्येच बुडबुड्यांचा एखादा घोळका अचानक जागा बदलतो.

सॅन अँटोनियोकरांनी यातून काय घ्यावं? साबण सढळ हातानं घ्यावा, म्हणजे बांधला गेलेला वाटा जाणवत नाही. किंवा सुपरमार्केटमधलं गॅलनभर डिस्टिल्ड वॉटर आणावं. एका दाढीला त्यातलं थोडंसंच लागतं. काहीजण नळाच्या पाण्यात लिंबूसत्त्व घालतात, ते कॅल्शियमला आधीच धरून ठेवतं. मात्र अगदी किंचित घालावं. आम्ल वाढलं तर साबणच मोडतो, स्टिअरिक आम्ल सुटं होतं आणि सिअ‍ॅटलच्या पाण्यातसुद्धा फेस येत नाही.