आर्मररचा दिवस

राज्य राखीव पोलीस बलाची स्थापना १९४८ सालची. त्याचा गट क्रमांक १२ हिंगोलीत आहे. गडचिरोली असो, निवडणूक असो की पंढरीची वारी, बंदोबस्त लागला की कंपन्या बाहेर पडतात. बंदोबस्त संपला की जवान रजेवर जातात आणि हत्यारं जातात आर्मररच्या टेबलावर. पावसाळ्याच्या तोंडावर अशा आर्मररचा दिवस साधारण असा जातो.

पहाटे ५.३०
मैदानावर शिट्टी वाजायच्या आत कोत, म्हणजे हत्यारांची खोली, उघडावा लागतो. परेडच्या रायफली बट नंबर पुकारून दिल्या जातात. प्रत्येकाला आपला नंबर पाठ असतो आणि घेताना वहीत सही पडते. हत्यार हातात येताच मॅगझिन काढून चेंबर रिकामा आहे ना, हे डोळ्यांनी आणि बोटानेही पाहायचं. देणाऱ्यानेही पाहायचं, घेणाऱ्यानेही.

सकाळी ८
परत आलेल्या कंपनीची हत्यारं टेबलावर येतात. रायफल जंगलातून आली की ओल कुठे बसली असेल हे आर्मररला न सांगता कळतं : गॅस सिलिंडर, पिस्टन, मॅगझिनची स्प्रिंग. पुलथ्रूला चिंधी बांधून ती नळीतून ओढायची आणि मग नळी उजेडाकडे धरून आत बघायचं. तेल हवंच, पण बेतानं. जास्त तेलावर धूळ बसते, तिची चिकट पेस्ट होते आणि ऐन वेळी हत्यार अडतं.

सकाळी १०
आता मुख्य काम, ट्रिगरची तपासणी. रिकाम्या हत्याराचा ट्रिगर किती ताणाने सुटतो ते मोजायचं. तो फार हलका झाला असेल तर नुसत्या धक्क्यानेही गोळी सुटू शकते. फार जड असेल तर ओढताना नळी हलते आणि नेम चुकतो. कारखान्याने आखलेल्या मर्यादेच्या आतच तो बसला पाहिजे. झिजलेला भाग घासून भागवायचा नाही, नवा बसवायचा. आवाक्याबाहेरचा दोष वहीत लिहून हत्यार वरच्या कार्यशाळेकडे पाठवायचं. या कामात हुशारी दाखवायला जागा नाही आणि नसलेलीच बरी.

दुपारी १२.३०
डबे उघडतात. ज्वारीची भाकरी, ठेचा, वरण. नवा भरती झालेला जवान मोबाइल पुढे करतो.

"मेजर, हे बघा. स्टँडवरच्या बंदुकीच्या ट्रिगरला यांनी हँडल बसवलंय. नुसतं फिरवायचं, की गोळ्या सुटत राहतात. आपल्या एलएमजीला असं काही बसत नाही का?"

"आपल्या एलएमजीला ते कशाला पाहिजे? ती आधीच सलग चालते. अन् थांबायचं असलं की बोट सैल सोडलं, झालं काम. हँडल फिरवणाऱ्याला लगेच थांबता येईल का, ते सांग."

दुपारी २
प्रश्न जेवणाबरोबर संपत नाही. हातातली रायफल धक्का देते, खांदा दुखतो, नळी वर उचलली जाते आणि माणूस आपोआप सावध होतो. स्टँडवर बसवलेल्या बंदुकीचा धक्का स्टँड सोसतो. मग माणसाच्या ताब्यात उरतं फक्त बोट. बोट आणि ट्रिगर यांच्यामध्ये बाहेरचं यंत्र आलं की तो शेवटचा ताबाही सैल होतो.

एके ४७ मिनिटाला साधारण ६०० गोळ्यांच्या वेगाने झाडते. म्हणजे ३० गोळ्यांचं मॅगझिन तीन सेकंदांत रिकामं. सलग फैरीत नळी वर चढत जाते आणि पुढच्या गोळ्या वाया जातात. म्हणूनच इन्सास रायफलीला एकेक गोळी आणि तीन गोळ्यांची फैर एवढेच पर्याय दिले गेले.

अमेरिकेत अशी जोडउपकरणं बाजारात मिळतात. १ ऑक्टोबर २०१७ ला लास वेगासमध्ये संगीत कार्यक्रमाच्या गर्दीवर गोळीबार झाला. मारेकऱ्याने रायफलींना बम्प स्टॉक, म्हणजे धक्क्याच्या जोरावर ट्रिगर पुन्हा पुन्हा दाबला जाईल असे दस्ते, बसवले होते. पुढे त्यावर बंदी आली, पण जून २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. प्रत्येक गोळीला ट्रिगर वेगळा हलतो, म्हणून कायद्याच्या व्याख्येत अशी रायफल मशीनगन ठरत नाही, असा न्यायालयाचा युक्तिवाद.

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र अधिनियम आहे. ट्रिगर दाबून धरला की गोळ्या सुटत राहतात अशा घडणीचं, किंवा तसं बनवून घेतलेलं हत्यार त्यात प्रतिबंधित आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असं हत्यार बेकायदा बाळगल्यास ७ ते १४ वर्षांची कैद आहे. शिवाय परवान्याशिवाय बंदुकीची दुरुस्ती किंवा रूपांतर करणं हाही गुन्हाच.

दुपारी ४
एलएमजी बायपॉडवर उभी करून पाहायची. पाय घट्ट बसतात का, सेफ्टी लागते का, ट्रिगर सोडल्यावर झटक्यात मूळ जागी येतो का. या शेवटच्या तपासणीला घाई चालत नाही, कारण हत्यार सुरू होण्याइतकंच ते थांबणंही महत्त्वाचं.

संध्याकाळी ६
मोजणी. वही आणि रॅक जुळल्याशिवाय कुणी घरी जात नाही. एक काडतूस कमी निघालं तरी शोध सुरू होतो. आकडा जुळला की कुलूप, सही, आणि पुढचा पहारा गार्डचा.

हिंगोली जिल्ह्यात परवान्याच्या बंदुका असलेले शेतकरीही आहेत. रोही आणि रानडुकरांपासून पीक राखायला त्यांनी त्या घेतलेल्या असतात. निवडणुकीत जमा करण्याचे आदेश निघाले की त्या पोलीस ठाण्यात जातात, एरवी घरात असतात. त्यांच्यासाठी एवढंच सांगणं : बंदूक बिघडली तर परवानाधारक कारागिराकडेच न्या. आणि मोबाइलवर कितीही सोपं दिसलं, तरी तिच्या ट्रिगरला बाहेरचं काही जोडू नका.