घमेल्यात भिजवलेली पाकिटे

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी एक ठरलेला उद्योग असे. बाबा वर्षभर साठवलेली पाकिटे काढत. मी आणि दादा प्रत्येक पाकिटाचा तिकीट असलेला कोपरा कात्रीने कापायचो आणि कोमट पाण्याच्या घमेल्यात टाकायचो. अर्ध्या तासात तिकिटे कागदापासून सुटत. मग ती पालथी घालून वर्तमानपत्रावर वाळवायची आणि जाड पुस्तकाखाली दाबायची. उरलेली कापलेली पाकिटे आई बंबात घालायची.

माझे काका मालवाहू बोटीवर होते. त्यांची पत्रे मोंबासाहून येत, हॅम्बुर्गहून येत, एकदोनदा आफ्रिकेच्या पश्चिम टोकावरच्या डाकारहून आली होती. सुएझ कालवा 1967 च्या युद्धात बंद झाला तो 1975 च्या जूनमध्ये उघडला. त्या आठ वर्षांत युरोपला जाणाऱ्या बोटी सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून जात. डाकारचा तारखेसह शिक्का, मुंबईत पोचल्याचा मागचा शिक्का, काकांच्या अक्षरातला पत्ता, बोटीचे नाव: हे सगळे एका पाकिटावर होते, आणि आम्ही त्यातले एवढेसे तिकीट ठेवून बाकीचे जाळले.

ती तिकिटे आज माझ्याकडे आहेत. ढिगात विकली तर एकेकाचे पाच रुपये येतात. तशी अखंड पाकिटे मागणारी माणसे मला दर महिन्याला भेटतात.

बाबा 2016 मध्ये गेले. मागे चौदा आल्बम आणि बिस्किटांचे तीन डबे राहिले. दादा म्हणाला, "यात लाखोंचा माल असेल." असे बहुतेक घरांत वाटते, कारण जुने म्हणजे दुर्मिळ ही समजूत पक्की बसलेली आहे. जगातले पहिले पोस्टाचे तिकीट, 1840 चे ब्रिटिश पेनी ब्लॅक, सुमारे 6 कोटी 80 लाख छापले गेले होते. ते आजही विकत मिळते. बरे नग काही हजारांत मिळतात. आपल्याकडची 1970 आणि 80 च्या दशकांतली स्मारक तिकिटे लाखोंनी छापली गेली आणि तितक्याच हौसेने साठवली गेली. बाबांचे नऊ आल्बम अशाच तिकिटांनी भरलेले होते. आज ती जवळजवळ छापील किमतीलाच जातात, कधी त्याहूनही कमीला. कॅटलॉगमधला आकडा हा दुकानदाराने विकायचा भाव असतो, तुमच्या हाती येणारा नव्हे. संग्रह विकायला काढणाऱ्या प्रत्येकाला हे मी पहिल्याच फोनवर सांगते. माणसे हिरमुसतात, पण नंतर मनस्ताप होत नाही.

2018 मध्ये मी तिकिटांची ऑनलाइन विक्री सुरू केली. त्याच वर्षी ईबेचे भारतातले संकेतस्थळ बंद झाले. बाहेरच्या गिऱ्हाइकांसाठी ईबेचे परदेशी पान आणि बेल्जियमचे डेलकॅम्प आहे. देशातला व्यवहार मात्र आता मुख्यतः व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकच्या गटांवर चालतो. फोटो टाकायचा, किंमत लिहायची. पहिला जो 'बुक' लिहील त्याचा माल. पैसे यूपीआयने येतात. सोपे वाटते, पण खरा वेळ जातो तो तिकीट नीट पाहण्यात. काळ्या कागदावर ठेवून स्कॅन करायचे, म्हणजे कडेचे दाते एकेक दिसतात. मागची बाजूही दाखवायची: गोंद शाबूत आहे का, आल्बममध्ये तिकीट चिकटवायच्या हिंजचा डाग आहे का, पावसाळ्याने तपकिरी ठिपके पाडलेत का. आमच्या नाशिकला बरे आहे, पण कोकणातून आलेला संग्रह उघडला की बहुधा तिकिटे कागदाला चिकटलेली असतात.

एक चूक मी केली ती सांगते. स्वातंत्र्यानंतर 15 ऑगस्ट 1949 ला पुरातत्त्व मालिका निघाली, सोळा तिकिटांची. त्यात सांचीचा स्तूप, विजापूरचा गोल घुमट, ताजमहाल आहे. तिच्यात एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्व आहे. पहिल्या छपाईत ही मूर्ती आरशात दिसावी तशी उलटी छापली गेली. 1950 मध्ये दुरुस्त करून तिकीट पुन्हा काढले. रंग तोच, किंमत तीच, फक्त बाजू बदललेली. मी दुरुस्त तिकीट पहिल्या छपाईचे म्हणून विकले. चेन्नईच्या गृहस्थांनी आठ दिवसांनी लिहिले, "मॅडम, हात पाहा." मी पैसे परत केले, तिकीटही त्यांनाच ठेवायला सांगितले. तेव्हापासून भिंगाशिवाय एकही ओळ लिहीत नाही. ते गृहस्थ आजही माझ्याकडूनच घेतात.

चूक एक वेळ निस्तरता येते. मुद्दाम केलेली फसवणूक या छंदाला खाते आहे. गांधीजींची चार तिकिटे 15 ऑगस्ट 1948 ला निघाली. ती स्वित्झर्लंडच्या कुर्व्हाझिए छापखान्याची फोटोग्रॅव्हूर छपाई होती. त्यातल्या दहा रुपयांच्या तिकिटाच्या नकला सर्रास फिरतात. भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची ऑफसेटची जाळी दिसली तर ते नकली समजावे. त्याच तिकिटांवर 'सर्व्हिस' असे छापून गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी शंभरच संच काढले होते. त्यातल्या दहा रुपयांच्या चार तिकिटांच्या पट्टीला 2017 मध्ये पाच लाख पौंड मिळाले. ती बातमी आल्यापासून 'आमच्याकडे गांधी आहे' असे फोन येतात. तिकिटावर 'सर्व्हिस' असले तर तो छापही नंतर मारलेला असू शकतो. तज्ज्ञाच्या प्रमाणपत्राशिवाय असा माल विकत घेऊ नका, विकूही नका.

आता टपालाविषयी. रजिस्टर्ड पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले. त्यानंतरच्या दराने 50 ग्रॅमचे पाकीट दूरच्या गावी पाठवायला 47 रुपये आणि वर जीएसटी लागतो. तीस रुपयांच्या तिकिटाला हे परवडत नाही. म्हणून मी गिऱ्हाइकांचा माल महिनाभर बाजूला ठेवते आणि एकदम पाठवते. छोट्या विक्रेत्यांचे, आणि खाऊच्या पैशातून घेणाऱ्या मुलांचे, यात नुकसान झाले हे मला स्पष्ट सांगायचे आहे. एकीकडे सरकार सहावी ते नववीच्या मुलांना या छंदासाठी 'स्पर्श' योजनेत वर्षाला सहा हजारांची शिष्यवृत्ती देते, आणि दुसरीकडे त्या मुलाला एक तिकीट मागवणे महाग झाले. डेन्मार्कच्या टपाल कंपनीने तर 2025 च्या अखेरीस पत्रवाटपच थांबवले.

तरीही गिऱ्हाईक आहे. वयस्क जास्त, पण पक्षी, रेल्वे, क्रिकेट असा एकच विषय धरून बसलेली पंचविशीतली मुलेही येतात. गेल्या वर्षी पुण्याच्या एका मुलीने माझ्याकडून महर्षी कर्व्यांचे पहिल्या दिवसाचे पाकीट घेतले. 18 एप्रिल 1958 ला कर्वे शंभर वर्षांचे झाले, त्या दिवशी ते तिकीट निघाले. हयात असताना तिकिटावर आलेले ते पहिले भारतीय. सुटे तिकीट चाळीस रुपयांना जाते. तिला शिक्क्यासह अखंड पाकीट हवे होते आणि त्यासाठी तिने सहा महिने वाट पाहिली होती.

आमच्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये 1920 च्या दशकापासून देशाची तिकिटे छापली जातात. त्याआधी ती लंडनहून येत. या गावात पोस्टाचे तिकीट पाहिले नाही असे घर नसेल. म्हणून एवढी विनंती. माळ्यावर जुन्या पत्रांचा गठ्ठा असेल तर त्याचे कोपरे कापू नका, पाण्यात टाकू नका, रद्दीतही देऊ नका. बोटीवरच्या काकांची, आफ्रिकेतल्या मामांची, सैन्यातल्या भावाची पत्रे असतील तर पाकीट आणि आतला कागद दोन्ही एकत्र, कोरड्या जागी, प्लॅस्टिकबाहेर ठेवा. विकायची नसली तरी शिक्क्यावरचे गाव आणि तारीख एकदा वाचून एका वहीत उतरवून ठेवा.