जुना संगणक, मोठी हार्ड डिस्क

पेजमेकरमध्ये लावलेली पुस्तकांची पाने, दवाखान्यातील जुन्या नोंदी, कारखान्यातील एखादे यंत्र चालविणारा प्रोग्राम... अशा कारणांसाठी विंडोज एक्सपीवरील डेस्कटॉप संगणक आजही काही ठिकाणी जपून ठेवलेले आढळतात. त्यांतील ४० किंवा ८० जीबीची मूळ हार्ड डिस्क कुरकुरू लागली की तिच्या जागी मोठी डिस्क बसविण्याचा विचार होतो. ‘दिसली नाही तर परत करू’ एवढाच त्यामागचा हिशेब असतो. मात्र, डिस्क न दिसणे हा यातला मोठा धोका नव्हेच. ती दिसते, काही महिने सुरळीत चालते आणि एके दिवशी त्यावरील सारी माहिती नाहीशी होते, हा खरा धोका आहे.

याचे कारण पत्त्यांच्या पद्धतीत आहे. हार्ड डिस्कवरील माहिती ५१२ बाइटच्या कप्प्यांत साठविली जाते आणि प्रत्येक कप्प्याला क्रमांक असतो. जुन्या पद्धतीत हा क्रमांक २८ बिटांचा होता. त्यामुळे सुमारे २६ कोटी ८४ लाख कप्पे, म्हणजेच १३७ जीबी, ही कमाल मर्यादा ठरली. (विंडोज १०२४च्या पटीत मोजत असल्याने तिथे हाच आकडा १२८ जीबी दिसतो.) २००२ मधील एटीए-६ या मानकाने क्रमांक ४८ बिटांचा केला आणि ही अडचण संपली, पण नव्या संगणकांपुरतीच.

जुन्या स्कूटरच्या मीटरवर ९९९९९ नंतर पुन्हा शून्य येते, तसेच येथे घडते. मर्यादेपलीकडचा क्रमांक आला की वरचे बिट गळून पडतात आणि नवी माहिती डिस्कच्या आरंभी जाऊन बसते. नेमक्या त्याच जागी पार्टिशनचा तक्ता व फायलींची सूची असते. अर्थात, डिस्क निम्मी भरेपर्यंत याचा पत्ताही लागत नाही.

२००१ मध्ये आलेल्या मूळ एक्सपीत ४८ बिटांची सोय नव्हती; ती २००२ च्या सर्व्हिस पॅक १ पासून मिळाली. त्यामुळे सर्वांत घातक प्रसंग दुरुस्तीच्या वेळी येतो. सर्व्हिस पॅक २ असलेल्या संगणकावर २५० जीबीची डिस्क व्यवस्थित भरलेली असते. विंडोज बिघडते आणि दुरुस्ती करणारा मूळ सीडीवरून ते पुन्हा बसवितो. तेव्हा सीडी कोणती आहे, हे विचारायलाच हवे. ‘माय कॉम्प्युटर’वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज पाहिल्यास सर्व्हिस पॅक कळतो. शिवाय मदरबोर्डच्या बायोसलाही डिस्कची पूर्ण क्षमता दिसली पाहिजे. ती दिसत नसल्यास बायोस अद्ययावत करणे किंवा स्वतःचे बायोस असलेले पीसीआय कार्ड बसविणे, हे मार्ग आहेत. बायोसला चकविणारी सॉफ्टवेअरही एकेकाळी डिस्कसोबत मिळत. ती टाळलेली बरी. कारण तशी डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडल्यास वाचता येईलच असे नाही.

पुढची भिंत २.२ टीबीची. जुन्या एमबीआर पद्धतीच्या पार्टिशन तक्त्यात कप्प्याचा क्रमांक ३२ बिटांचा असतो. त्यापुढे जीपीटी हा तक्ता लागतो आणि ३२ बिटांच्या एक्सपीला तो वाचता येत नाही. विंडोज ७ त्यावर माहिती साठवू शकते. पण त्यावरून सुरू होण्यासाठी बायोसऐवजी यूईएफआय असलेला मदरबोर्ड आवश्यक आहे. ३ टीबीची डिस्क ७४६ जीबीच दिसत असेल, तर तिच्यावर काहीही लिहू नये. जुना ड्रायव्हर वरचे बिट गाळत असल्याची ती खूण आहे.

संगणक केवळ एका जुन्या प्रोग्रामसाठी ठेवला असेल, तर मोठ्या डिस्कचा आग्रह कशाला? १२० किंवा १२८ जीबीची एसएसडी १३७ च्या आतच राहते. मदरबोर्डवर साटा जोडणी नसल्यास त्यासाठी कन्व्हर्टर लागेल. एक्सपीची सुरक्षा अद्यतने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली असल्याने असा संगणक इंटरनेटपासून दूरच ठेवावा. जुनी डिस्क काढण्यापूर्वी तिच्यावरील माहितीची प्रत दुसरीकडे घ्यावी, आणि ती प्रत नव्या संगणकावर उघडते का, हेही पाहून घ्यावे.