दख्खनी मेंढीची लोकर: फाल्गुनात कातरायची, पण विकायची कुणाला?

 

आज आधी एक छोटंसं काम करा. मोबाईलवर ‘घोंगडी’ असं शोधा. हातमागावरची, शुद्ध लोकरीची घोंगडी काही हजार रुपयांना दिसेल. आता याची दुसरी बाजू ऐका. ज्या मेंढीच्या अंगावर ती लोकर वाढते, तिच्या मालकाला अनेकदा त्या लोकरीचे कातरणीइतकेही पैसे सुटत नाहीत. कित्येक वाड्यांवर कातरलेली लोकर तशीच रानात टाकून पुढे निघतात. असं का होतं? आणि मग मेंढपाळ लोकरवाली मेंढी ठेवतोच कशाला? आजचा भाग याच प्रश्नावर आहे. उत्तर शोधायला आपण फाल्गुन-चैत्रात एका वाड्यावर जाऊ, कारण त्या कुटुंबाचे वर्षाचे मोठे निर्णय याच दिवसांत होतात.

हे फार्म चालतं, म्हणजे खरंच चालतं

मेंढ्यांचं फार्म म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर इन्स्टाग्रामवरचं चित्र येतं: हिरवी टेकडी, लाकडी कुंपण, पांढऱ्याशुभ्र मेंढ्या. आपल्याकडे चित्र वेगळं आहे. धनगर कुटुंबाच्या मेंढ्या काळ्या, करड्या, ठिपक्याठिपक्यांच्या असतात आणि कुंपण म्हणजे घोड्यावर किंवा टेम्पोत टाकून नेता येणारी जाळी. तिला वाघर म्हणतात. संध्याकाळी चार खुंट्या ठोकून वाघर लावायची, की झालं फार्म तयार. सकाळी काढायची, पुढच्या मुक्कामाला निघायचं.

या मेंढीचं नाव दख्खनी. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणाच्या कोरड्या पठारावरची ही जात. पूर्ण वाढलेल्या मादीचं वजन साधारण 25 ते 30 किलो. दिसायला किरकोळ, पण दिवसभर चालेल, वाळलेल्या काड्यांवर दिवस काढेल, उन्हातान्हात टिकेल. 2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सगळ्या जातींच्या मिळून सुमारे 27 लाख मेंढ्या मोजल्या गेल्या.

वर्षाचा फेरा पावसावर ठरतो. पारनेर तालुक्यातल्या धवळपुरीसारख्या गावांतली अनेक कुटुंबं दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात. भाताची कापणी झालेली असते, खाचरं मोकळी असतात. पावसाआधी परत घाट चढून गावाकडे यायचं, कारण कोकणचा पाऊस मेंढीला झेपत नाही. फाल्गुन-चैत्र हा या फेऱ्याचा अवघड तुकडा. गवत संपलेलं, ओढे आटत आलेले, पोटं मात्र वाढलेली, कारण सोबत त्या वर्षाची कोकरं असतात.

कोकरांचे दिवस

मृगाच्या पावसानंतर कोवळं गवत खाऊन मेंढ्या माजावर येतात. गाभण काळ साधारण पाच महिन्यांचा, म्हणजे मोठी वीण दिवाळीच्या आगेमागे. थोड्या मेंढ्या माघ-फाल्गुनात वितात. त्यामुळे होळीच्या सुमारास वाड्यावर दोन वयांची कोकरं दिसतात: चार-पाच महिन्यांची, आईमागे चरायला जाणारी, आणि अगदी तान्ही, पायांवर धड उभी न राहणारी.

तान्ह्या कोकरांना उन्हात पाच-सात किलोमीटर चालवता येत नाही. ती दिवसभर वाड्यावरच राहतात. त्यांच्याकडे बघायचं काम म्हाताऱ्या माणसांचं, पोरांचं आणि सगळ्यात जास्त घरातल्या बाईचं. बिऱ्हाड बांधणं, नवीन मुक्कामी चूल मांडणं, पाणी आणणं, आजारी कोकराला बाटलीने दूध पाजणं, सगळं तिच्याकडे. कळपात चार-दोन शेळ्या असतात त्या याचसाठी. आईला दूध कमी असेल तर कोकरू शेळीच्या दुधावर जगतं.

संध्याकाळी कळप परत येतो तेव्हा वाड्यावर पाच मिनिटं नुसता कल्लोळ असतो. पन्नास आया ओरडतायत, पन्नास पिल्लं ओरडतायत. पण बघता बघता प्रत्येक मेंढी आपलं पिल्लू शोधते. आधी आवाजावरून, मग शेपटीजवळ हुंगून खात्री करते. दुसऱ्याचं पिल्लू आलं तर सरळ ढुशी देते. पहिलटकरीण मेंढी कधी स्वतःच्याच कोकराला जवळ घेत नाही. मग दोन-चार दिवस तिला धरून पाजावं लागतं.

खायला काय? रब्बीची ज्वारी-हरभरा निघालेली रानं, कांद्याची पात, झाडांचा पाला आणि उन्हाळा चढला की बाभळीच्या शेंगा. वाळक्या चाऱ्याच्या दिवसांत या शेंगा म्हणजे मेंढ्यांचा खुराक, कारण त्यात प्रथिनं चांगली असतात. पण एक धोका इथेच असतो. उपाशी कळप अचानक धान्य सांडलेल्या किंवा हिरव्यागार रानात शिरला आणि भरमसाट खाल्लं, तर आतड्यातले जिवाणू झपाट्याने वाढून विष तयार करतात. याला आंत्रविषार म्हणतात. संध्याकाळी ठणठणीत असलेलं कोकरू सकाळी मेलेलं सापडतं, आणि बरेचदा तेच मरतं जे कळपात सगळ्यात तगडं असतं. म्हणूनच पावसाळ्याआधी याची लस टोचून घेतात. फिरत्या वाड्यासाठी ती वेळेवर मिळवणं हेच एक काम असतं.

शेतकरी पैसे देतो, ते रात्रीचे

रोजचा खर्च भागतो तो रात्रीच्या मुक्कामावर. शेतकरी म्हणतो, ‘आमच्या रानात मेंढ्या बसवा.’ म्हणजे रात्रभर कळप त्याच्या शेतात वाघरीत ठेवायचा. लेंड्या आणि मूत्र तिथेच पडतं, खुरांनी मातीत मिसळतं, खताची वाहतूक वाचते. त्या बदल्यात पूर्वी धान्य मिळायचं, आता काही ठिकाणी धान्य, काही ठिकाणी रोख. रासायनिक खतं आल्यावर ही मागणी घटली, पण जिथे जमिनीचा कस जपायचाय तिथे आजही वाड्याची वाट बघतात.

मोठा पैसा मात्र कोकरं विकून येतो. दख्खनी मेंढी सहसा एका वेताला एकच कोकरू देते, म्हणजे दरवर्षी किती कोकरं जगली यावर घराचं गणित असतं. लोकर या यादीत शेवटच्या ओळीत येते.

कातरणी

आता येऊया लोकरीकडे. कातरणी वर्षातून साधारण दोनदा होते. एक उन्हाळ्याच्या तोंडाशी, थंडी सरल्यावर, आणि दुसरी पावसाळा उलटल्यावर. आधी ओढ्यात किंवा तळ्यात मेंढ्या धुवून घेतात. मग मेंढीचे पाय बांधून आडवं पाडायचं आणि हातातल्या कातरीने पोटाकडून पाठीकडे लोकर सोडवत जायची. मेंढीच्या लोकरीला अंगचा मेणचट चिकटपणा असतो, त्यामुळे दिवसभर कातरणाऱ्याचे हात तुपाने माखल्यासारखे होतात. सौंदर्यप्रसाधनांमध्ये वापरतात ते लॅनोलिन म्हणजे हाच चिकटपणा, शुद्ध केलेला.

कातरणी टाळता येत नाही. लोकर वाढू दिली तर तिच्यात कुसळं आणि काटे अडकतात, गोचिड्या घर करतात, पावसात भिजून चिखल धरते, कातडी सडते. म्हणजे बाजारात भाव असो-नसो, मजुरी द्यावीच लागते किंवा भावकीतल्या माणसांना बोलावून एकमेकांच्या कळपाचं काम उरकावं लागतं.

किती लोकर निघते? एका दख्खनी मेंढीची वर्षाला साधारण अर्धा ते एक किलो. शंभर मेंढ्यांचा कळप धरला तर एका कातरणीत 25 ते 50 किलो. धूळ, काडीकचरा, चिकटपणा गेला की वजन आणखी घटतं. एक घोंगडी दोन-तीन किलोची धरली, तर शंभर मेंढ्यांच्या एका कातरणीतून फार तर दहा-पंधरा घोंगड्या.

यातली सगळ्यात मऊ लोकर कोणती? कोकराची पहिली. तिला जावळ म्हणतात. बाळाचं जावळ काढतात ना, तोच शब्द. जावळाच्या घोंगडीला म्हणूनच जास्त भाव असतो.

मग भाव का नाही?

कारण एक: जाडी. मेरिनो मेंढीच्या लोकरीचा तंतू 20 मायक्रॉनच्या आसपास असतो. दख्खनीचा त्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जाड. शिवाय त्यातले बरेच तंतू आतून पोकळ असतात. असा तंतू टोचतो, म्हणून अंगालगतच्या स्वेटरला चालत नाही. स्वेटरच्या गिरण्या ऑस्ट्रेलियाची मऊ लोकर आयात करतात.

कारण दोन: रंग. जाड लोकर गालिच्यांना चालते, पण तिथे पांढरी हवी, म्हणजे हवा तो रंग देता येतो. काळ्या लोकरीवर रंग चढत नाही. त्यामुळे गालिच्याचा माल राजस्थानच्या पांढऱ्या लोकरीकडे वळतो.

कारण तीन: ॲक्रिलिक आणि पॉलिस्टरची ब्लँकेटं. हलकी, रंगीत, धुवायला सोपी आणि स्वस्त. घराघरांत अंथरायला-पांघरायला घोंगडी होती तेव्हा दर आठवडी बाजारात गिऱ्हाईक होतं. आता घोंगडी उरली देवाच्या कामाला, बिरोबा-खंडोबाच्या पूजेला, नाहीतर हौशी लोकांना.

आणि मधली माणसं कमी झाली. लोकर पिंजणं, चरख्यावर सूत कातणं, ताण्याला चिंचोक्याची खळ लावणं, खड्ड्यातल्या मागावर विणणं, हे सगळं हाताचं काम. सूत कातणाऱ्या बायका आणि विणणारे सनगर समाजातले कारागीर यांचे दिवसच्या दिवस एका घोंगडीत जातात. म्हणून तुमच्या मोबाईलवर दिसणारी किंमत खरं तर या मेहनतीची आहे. कच्च्या लोकरीच्या वाट्याला त्यातलं फार थोडं येतं.

मेंढा निवडायचा दिवस

आता मूळ प्रश्न. लोकर जगणार की जाणार, हे कुठे ठरतं? माझं म्हणणं असं की ते घोंगडीच्या दुकानात ठरत नाही, वाड्यावर ठरतं. नर कोकरं विकायला काढताना त्यातलं एखादं ‘हे ठेवू’ म्हणून बाजूला काढतात. तोच पुढे कळपाचा मेंढा होतो.

तीसेक मेंढ्यांमागे एक मेंढा लागतो. म्हणजे एका मेंढ्याची निवड ही दरवर्षीच्या तीस कोकरांची निवड. समजा मेंढपाळाने दख्खनीऐवजी माडग्याळ मेंढा आणला. माडग्याळ ही सांगलीच्या जत भागातली मेंढी: उंच, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके, पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक. अंगावर लोकर जवळजवळ नाहीच. कोकरं लवकर वाढतात, भाव चांगला मिळतो, कातरणीचा खर्चही वाचतो. मग का नाही आणणार? पण गणित बघा. पहिल्या पिढीत दख्खनीचा अंश अर्धा उरतो, दुसरीत पाव, तिसरीत आठवा हिस्सा. पाच-सहा वर्षांत काळी लोकर कळपातून जवळपास जाते. सोबत जाऊ शकतं ते दूरवर चालण्याचं आणि दुष्काळात तगण्याचं अंग, जे किती मोलाचं होतं ते पुढच्या दुष्काळातच कळतं.

दुसरी एक वाट फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दाखवली. सुंदरबनातल्या गरोल नावाच्या छोट्या मेंढीत जुळी कोकरं देणारं एक जनुक आहे. संकरातून ते दख्खनीत आणून संस्थेने ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार केली. काटकपणा दख्खनीचा, पण बऱ्याच मेंढ्यांना जुळी. अर्थात जुळी आली की दूध, चारा आणि लक्ष, तिन्ही जास्त लागतात. फिरत्या वाड्यावर ते प्रत्येकाला जमेल असं नाही. पण उत्पन्न वाढवायला जातच बदलावी लागते असं नाही, एवढं यातून दिसतं.

मेंढपाळाला ‘लोकर जपा, परंपरा जपा’ असं शहरात बसून सांगणं सोपं आहे. पण त्याच्यासाठी लोकर हा सध्या खर्च आहे. तो उत्पन्न झाला, तर काळा मेंढा आपोआप कळपात राहील. त्यासाठी मऊ जावळ वेगळं ठेवणं, काळी-करडी-पांढरी लोकर कातरतानाच वेगळी करणं, काटेकुसळं काढून विकणं हे वाड्यावर होऊ शकतं. पण वेगळ्या केलेल्या मालाला वेगळा भाव देणारं गिऱ्हाईक हवं. ते काम आपलं.

घोंगडी घेणार असाल तर

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, कडेचा एक धागा काढून पेटवून बघा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि बोटात चुरगळणारी राख होते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. दुसरी, विचारा: ‘लोकर कुठल्या मेंढीची? कुणाकडून घेता? किलोला काय देता?’ विकणाऱ्याला उत्तर देता आलं, तर त्या घोंगडीतला थोडातरी पैसा वाड्यापर्यंत पोचतोय असं समजायला हरकत नाही.

आणि येत्या उन्हाळ्यात रस्त्यात मेंढ्यांचा कळप आडवा आला तर हॉर्न जरा कमी वाजवा. त्या गर्दीत तान्ही कोकरं असतात, आणि एखादा मेंढा असा असतो ज्याच्यावर पुढच्या दहा वर्षांची लोकर अवलंबून आहे.

तुमच्या घरी जुनी घोंगडी आहे का? कुणाची, किती वर्षांची, ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा!